बॅक्युला कसं लावायचं: ऑफिसातल्या सगळ्या लिनक्स मशीनचा बॅकअप एका सर्व्हरवर

ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये पाच-दहा लिनक्स मशीन असली की बॅकअपची अवस्था ठरलेली असते, प्रत्येक मशीनवर कोणीतरी कधीतरी लिहिलेली आरसिंकची (फाइल कॉपी करणाऱ्या कमांडची) स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, पडलेली, ती चालते की नाही कोणी बघत नाही आणि ज्याने लिहिली तो केव्हाच जॉब बदलून गेलेला. त्यात ती स्क्रिप्ट बॅकअप सर्व्हरवर लिहायला एसएसएचची की (पासवर्डशिवाय लॉगिन देणारी किल्ली) वापरते, म्हणजे त्या मशीनमध्ये कोणी घुसलं किंवा रॅन्समवेअर आलं तर त्याच कीने बॅकअपपण उडवता येतो. मग तो बॅकअप कसला.

यावर जुना, भक्कम आणि फुकट उपाय म्हणजे बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली काम सुरू केलं आणि २००२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. रात्री येतो आणि तुमच्या कॉम्प्युटरमधलं सत्त्व शोषून नेतो असा त्यांचाच विनोद आहे, नाव कोणावरून आलं ते कळलंच असेल. पुढे यातूनच बॅरिओस नावाचा फोर्क (त्याच कोडवरून केलेलं वेगळं सॉफ्टवेअर) निघाला, इथलं बरंचसं त्यालाही लागू पडतं. मात्र तुमच्याकडे एक-दोनच मशीन असतील तर हा खटाटोप करू नका, बोर्ग किंवा रेस्टिक यांतलं एखादं सोपं बॅकअप टूल टाका आणि मोकळे व्हा.

बॅक्युला अवघड आहे अशी त्याची ख्याती आहे. माझं मत विचाराल तर अवघड वगैरे काही नाही, लोक कोण कोणाशी बोलतं हे न समजता थेट कॉन्फिग फाइल उघडतात आणि तिथे फसतात. म्हणून आधी तेवढं बघू. (कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्लिश स्पेलिंग.)

चार तुकडे

डायरेक्टर हा मुकादम, कुठल्या मशीनचं काम कधी काढायचं ते तो ठरवतो, स्वतः एकही फाइल उचलत नाही. स्टोरेज डिमन (डिमन म्हणजे मागे सतत चालू असणारा प्रोग्रॅम) म्हणजे एसडी, हा डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. फाइल डिमन म्हणजे एफडी, हा प्रत्येक क्लायंटवर, म्हणजे ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या मशीनवर, बसतो आणि फाइल वाचून पाठवतो. चौथा बीकन्सोल, तुम्ही डायरेक्टरशी बोलता ती काळी खिडकी. याशिवाय एक डेटाबेस लागतो, त्याला कॅटलॉग म्हणतात, कुठली फाइल कुठल्या तारखेला कुठल्या व्हॉल्यूममध्ये (बॅकअपच्या मोठ्या फाइलमध्ये) गेली याची नोंद त्यात राहते.

आता मेन गोष्ट. बीकन्सोल डायरेक्टरला ९१०१ पोर्टवर कनेक्ट होतं. डायरेक्टर क्लायंटच्या एफडीला ९१०२ वर आणि एसडीला ९१०३ वर कनेक्ट होतो. आणि मग, हे लोकांच्या लक्षात येत नाही, क्लायंटचा एफडी स्वतःहून एसडीला ९१०३ वर कनेक्ट होऊन डेटा पाठवतो. डेटा डायरेक्टरमधून जातच नाही. म्हणजे फायरवॉलमध्ये क्लायंटवर ९१०२ सर्व्हरसाठी उघडा पाहिजे आणि सर्व्हरवर ९१०३ सगळ्या क्लायंटसाठी उघडा पाहिजे. एवढं कागदावर बाण काढून ठेवा, पुढचे निम्मे एरर त्यानेच सुटतील.

याच रचनेमुळे सुरुवातीला सांगितलेली की-ची भानगडपण जाते. क्लायंट मशीनकडे सर्व्हरचा कुठलाच लॉगिन नसतो, डायरेक्टरने जॉब (बॅकअपचं एक काम) काढला तरच त्याला एसडीशी बोलता येतं, जुने बॅकअप पुसायची सोय त्याच्या हातात नाही.

इन्स्टॉल

समजा सर्व्हर डेबियनवर आहे, त्याचा आयपी १९२.१६८.१.१० आणि नाव "कोठार". क्लायंट एक उबंटूचं मशीन, नाव "हिशोब", आयपी १९२.१६८.१.२१. आयपी राउटरमध्ये फिक्स करून ठेवा, दर आठवड्याला बदलणारा आयपी असेल तर हे काही चालायचं नाही.

सर्व्हरवर आधी पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका, ते चालू झालं की मग एपीटीने बॅक्युला-सर्व्हर, बॅक्युला-कन्सोल आणि सर्व्हरच्या स्वतःच्या बॅकअपसाठी बॅक्युला-एफडी ही पॅकेजेस. मधे डेटाबेस सेट करू का असा प्रश्न येतो त्याला हो म्हणा, टेबलं वगैरे सगळं तोच बनवतो. क्लायंटवर फक्त बॅक्युला-एफडी हे एकच पॅकेज लागतं.

व्हर्जनचं मात्र बघून घ्या. डायरेक्टर आणि एसडी एकाच व्हर्जनचे पाहिजेत, आणि एफडी त्यांच्या बरोबरीचा किंवा जुना चालतो, नवा चालत नाही. म्हणजे सर्व्हर जुन्या डेबियनवर आणि क्लायंट एकदम ताज्या उबंटूवर असं केलंत तर रडारड होणार. अपग्रेड करताना पहिला सर्व्हर, मग क्लायंट, हाच क्रम.

सगळ्या फाइल ईटीसीमधल्या बॅक्युला फोल्डरमध्ये असतात, डायरेक्टरची एक, एसडीची एक, एफडीची एक, बीकन्सोलची एक. हात लावायच्या आधी तो अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवा.

नावं आणि पासवर्ड

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. प्रत्येक जोडीचा पासवर्ड दोन्ही बाजूंना सारखाच लागतो आणि तो वेगवेगळ्या नावाच्या ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे गोंधळ. डायरेक्टरच्या फाइलमधला क्लायंट ब्लॉक आणि क्लायंटवरच्या एफडी फाइलमधला डायरेक्टर ब्लॉक यांचा पासवर्ड एक. डायरेक्टरच्या फाइलमधला स्टोरेज ब्लॉक आणि एसडी फाइलमधला डायरेक्टर ब्लॉक यांचा एक. बीकन्सोलच्या फाइलमधला आणि डायरेक्टरच्या स्वतःच्या ब्लॉकमधला एक. सर्व्हरवरच्या जोड्या इन्स्टॉल होतानाच जुळलेल्या असतात, त्यांना उगाच हात लावू नका, तुम्हाला जुळवायचाय तो फक्त क्लायंटचा.

पण पासवर्ड बरोबर टाकूनही ऑथेंटिकेशन फेल येतं तेव्हा बहुतेक वेळा चूक नावात असते. "हिशोब"वर एफडी टाकला की तो आपल्याच होस्टनेमवरून ठरवतो की आपला डायरेक्टर म्हणजे हिशोब-डीआयआर, असा कोणी डायरेक्टर जगात नाहीच. तिथे कोठार-डीआयआर लिहायचं, म्हणजे सर्व्हरच्या डायरेक्टर फाइलमध्ये डायरेक्टर ब्लॉकला जे नेम दिलंय ते अक्षर न् अक्षर तसंच. खाली मेसेजेस ब्लॉकमध्येपण तेच नाव असतं, तेही बदला, नाहीतर जॉबचे मेसेज डायरेक्टरपर्यंत नीट पोचणार नाहीत.

मग सर्व्हरवर डायरेक्टरच्या फाइलमध्ये नवा क्लायंट ब्लॉक लिहा, नेम हिशोब-एफडी, ॲड्रेस त्याचा आयपी, पोर्ट ९१०२, कॅटलॉगचं नाव आधीच्या ब्लॉकमध्ये आहे तेच, आणि पासवर्ड. त्याखाली एक छोटा जॉब ब्लॉक, जॉबला नाव, जॉबडेफ्स म्हणून आधीच असलेला डिफॉल्टजॉब, आणि क्लायंट हिशोब-एफडी. बास, बाकीचं सगळं डिफॉल्टजॉबमधून येतं. पुढचं प्रत्येक मशीन वाढवताना हेच दोन ब्लॉक कॉपी-पेस्ट.

लोकलहोस्टचा सापळा

पॅकेज इन्स्टॉल झाल्यावर प्रत्येक डिमन फक्त १२७.०.०.१ वर (लोकलहोस्ट, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) ऐकत असतो. सुरक्षेच्या दृष्टीने ठीक आहे, पण नेटवर्क बॅकअपला काय उपयोग. क्लायंटवर एफडीॲड्रेसची ओळ आणि सर्व्हरवर एसडीॲड्रेसची ओळ शोधा, तिथे त्या त्या मशीनचा खरा आयपी टाका. सर्व्हिस रिस्टार्ट करून एसएस कमांडने बघून घ्या की पोर्ट खऱ्या आयपीवर दिसतोय.

दुसरा लोकलहोस्ट जास्त छुपा आहे. डायरेक्टरच्या फाइलमध्ये स्टोरेज ब्लॉकला ॲड्रेस असतो आणि तिथे लोकलहोस्ट लिहिलेलं असतं. डायरेक्टर आणि एसडी एकाच मशीनवर आहेत म्हणून लोक ते तसंच सोडतात, आणि एसडी लोकलहोस्टवर ऐकत असेपर्यंत सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप मस्त चालतोही. पण हाच ॲड्रेस डायरेक्टर क्लायंटला सांगतो की डेटा इथे पाठव. आता हिशोब मशीनने लोकलहोस्टवर ९१०३ शोधला तर तो स्वतःलाच हाक मारणार ना. जॉब सुरू होतो, नुसता लटकून राहतो आणि मग फेटल एरर. तिथे १९२.१६८.१.१० लिहा.

डायरेक्टरची फाइल बदलल्यावर आधी ती तपासा, डायरेक्टरच्या बायनरीला डॅश टी दिलं की तो सुरू न होता फक्त कॉन्फिग वाचतो, काही बोलला नाही म्हणजे पास. मग बीकन्सोलमध्ये रिलोड म्हणा, पूर्ण रिस्टार्टची गरज नाही. एसडी आणि एफडी मात्र रिस्टार्टच करावे लागतात.

आता बीकन्सोलमध्ये स्टेटस क्लायंट असं टाइप करून हिशोब-एफडी निवडा. तिकडून व्हर्जन आणि चालू जॉबची यादी आली तर डायरेक्टरपासून क्लायंटपर्यंतचा रस्ता साफ आहे. क्लायंटपासून एसडीपर्यंतचा रस्ता मात्र याने तपासला जात नाही, तो पहिला जॉब चालवल्यावरच कळतो.

डिस्क आणि व्हॉल्यूम

बॅक्युला मुळात टेपसाठी घडलेला आहे, त्यामुळे डिस्कवरही तो टेपसारखंच वागतो, व्हॉल्यूम नावाच्या मोठ्या मोठ्या फाइल बनवतो आणि त्यातच सगळं भरत जातो. फाइल मॅनेजरने उघडून तुमचा एक्सेल शीट तिथे दिसणार नाही.

बॅकअपची डिस्क वेगळी ठेवा आणि माउंट पॉइंटवर (डिस्क जिथे जोडली जाते त्या फोल्डरवर) थेट लिहू नका, त्या डिस्कच्या आत एक सबफोल्डर बनवून त्याची मालकी बॅक्युला युजरला द्या आणि एसडीच्या फाइलमध्ये आर्काइव्ह डिव्हाइस म्हणून तो सबफोल्डर सांगा. कारण असं की एखाद दिवशी लाइट गेली आणि मशीन परत चालू होताना डिस्क माउंट झालीच नाही तर सबफोल्डर सापडणार नाही आणि जॉब बोंब मारून फेल होईल, थेट माउंट पॉइंट दिला असेल तर मात्र तो गपचूप रूट पार्टिशनवर लिहीत बसेल आणि सर्व्हरच भरून टाकेल. नमुना फाइलमध्ये एकाच चेंजरखाली (टेप बदलणाऱ्या यंत्राची डिस्कवरची नक्कल) दोन डिव्हाइस दिलेली असतात, त्या दोघांचा पाथ एकच ठेवा.

मग डायरेक्टरमधला पूल (व्हॉल्यूमचा गट) ब्लॉक. इथे तीन आकडे ठरवायचे, एका व्हॉल्यूमची जास्तीत जास्त साइज, जास्तीत जास्त किती व्हॉल्यूम, आणि व्हॉल्यूम रिटेन्शन म्हणजे किती दिवस हात लावायचा नाही. समजा सगळ्या मशीनचा मिळून डेटा २०० जीबी आहे, महिन्यातून एक फुल (सगळ्या फाइलचा) बॅकअप आणि रिटेन्शन ६० दिवस. तर एका वेळी डिस्कवर तीन फुल बसतील हे धरून चाला, म्हणजे ६०० जीबी, वर आठवड्याचे डिफरन्शिअल (शेवटच्या फुलनंतर बदललेलं) आणि रोजचे इन्क्रिमेंटल (शेवटच्या कुठल्याही बॅकअपनंतर बदललेलं). १ टीबीमध्ये ओढाताण होईल, २ टीबीची डिस्क घ्या, १० जीबीचे १५० व्हॉल्यूम अशी मर्यादा घाला, म्हणजे कितीही झालं तरी दीड टीबीच्या वर जाणार नाही. रिटेन्शन दोन फुलमधल्या अंतरापेक्षा कमी कधीच ठेवू नका, नवा फुल व्हायच्या आधी जुना पुसला गेला तर मधले इन्क्रिमेंटल घेऊन काय करणार.

दोन गोष्टी इथे लोकांना चक्रावून टाकतात. रिटेन्शन संपलं तरी व्हॉल्यूमची फाइल लहान होत नाही की डिलीट होत नाही, ती परत वापरली जाईपर्यंत डिस्कवर तशीच पडून असते, म्हणून डिस्क भरलेली दिसली की घाबरून आरएमने व्हॉल्यूम उडवू नका, कॅटलॉगला ते कळत नाही आणि मग खरा घोळ होतो. आणि दुसरं, पूलमध्ये रिटेन्शन बदललंत तरी आधी बनलेल्या व्हॉल्यूमना जुनंच लागू राहतं, त्यांना बीकन्सोलमध्ये अपडेट कमांड देऊन, व्हॉल्यूम पॅरामीटर निवडून, वेगळं सांगावं लागतं.

काय घ्यायचं आणि कधी

पॅकेजबरोबर आलेल्या नमुन्याच्या फाइलसेटमध्ये (काय काय घ्यायचं ती यादी) यूएसआर-एसबिन दिलेलं असतं, ते निव्वळ टेस्टसाठी. तुम्हाला पाहिजे ते होम, ईटीसी, रूट, यूएसआर-लोकल, ऑप्ट आणि वेबसाइट असेल तर व्हारमधला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. ज्यांना सरळ स्लॅश टाकून अख्खं मशीन घ्यायचंय त्यांनी लक्षात ठेवा, बॅक्युला बाय डिफॉल्ट दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये उतरत नाही. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते सरळ वगळलं जातं, लॉगमध्ये एक ओळ येते तेवढीच, आणि जॉब मात्र ओके दाखवतो. त्यामुळे प्रत्येक पार्टिशन वेगळ्या ओळीत लिहा. लिहून झालं की एस्टिमेट कमांडला लिस्टिंग जोडून चालवा, एकही बाइट न पाठवता कुठल्या कुठल्या फाइल जाणार ती यादी समोर येते.

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस चालू असेल तर त्याचा डेटा फोल्डर चालू अवस्थेत उचलून काही अर्थ नाही, परत टाकल्यावर तो उभा राहीलच असं नाही. जॉबमध्ये क्लायंट रन बिफोर जॉब अशी ओळ असते, तिथे डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) काढणाऱ्या स्क्रिप्टचा पाथ द्या आणि तो डंप फाइलसेटमध्ये घ्या. स्क्रिप्ट फेल झाली तर जॉबपण फेल होतो, आणि तेच बरं.

इन्क्रिमेंटलची एक खोच आहे. तो फाइलच्या वेळा बघून ठरवतो की बदललीय का. कोणी जुना फोल्डर एमव्हीने उचलून बॅकअपच्या एरियात आणला तर आतल्या फाइलच्या वेळा जुन्याच राहतात आणि पुढच्या फुलपर्यंत त्या बॅकअपमध्ये येतच नाहीत. जॉबमध्ये ॲक्युरेट हे यस करा, मग तो आधीच्या यादीशी ताडून बघतो, डिलीट झालेल्या फाइलपण त्याला कळतात. थोडी मेमरी जास्त खातो, खाऊ दे.

वेळेचं बोलायचं तर नमुन्यातलं शेड्यूल रात्री ११:०५ चं आहे आणि फुल बॅकअप महिन्याच्या पहिल्या रविवारी. आपल्याकडे ऑफिस सुटताना मशीन बंद करून जातात आणि रविवारी तर कुलूपच, म्हणजे हे शेड्यूल तसंच ठेवलंत तर सर्व्हर सोडून कोणाचाच बॅकअप होणार नाही. रोजचा इन्क्रिमेंटल जेवणाच्या सुट्टीत, दुपारी १:३० ला ठेवा, कोणाला जाणवतही नाही. फुल शुक्रवारी संध्याकाळी लावा आणि त्या दिवशी मशीन चालू ठेवून जा असं सगळ्यांना सांगा. कोणी बंद केलंच तर रीशेड्यूल ऑन एरर यस करून एक तासाच्या अंतराने तीन वेळा परत प्रयत्न करायला लावता येतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत नेमका फुलचा शुक्रवार आला तर? त्यासाठी मॅक्स फुल इंटरव्हल ३५ दिवस द्या, शेवटचा फुल त्याहून जुना झाला की पुढचा इन्क्रिमेंटल आपोआप फुल होतो. हो, फाइलसेट बदललात तरीही पुढचा जॉब फुलच होणार, ऐन कामाच्या दुपारी नेटवर्क का रडतंय असं कोणी विचारलं तर हे आठवा.

पहिला जॉब आणि रिस्टोअर

बीकन्सोलमध्ये रन म्हणा, जॉब निवडा, यस. आधीचा फुल सापडला नाही म्हणून फुल करतोय असा मेसेज येईल, ते बरोबरच आहे. मेसेजेस कमांड देत राहा. लिस्ट जॉब्समध्ये शेवटी कॅपिटल टी आलं म्हणजे जमलं, ई किंवा एफ म्हणजे एरर, डब्ल्यू म्हणजे झालं पण वॉर्निंगसकट, त्या वॉर्निंग वाचा. ॲपेंडेबल व्हॉल्यूम सापडत नाही असं म्हणून जॉब थांबला तर एकतर पूलमध्ये लेबल फॉरमॅट (नव्या व्हॉल्यूमला आपोआप नाव देणारी ओळ) दिलेलं नाहीये किंवा फोल्डरची परमिशन चुकलीय किंवा व्हॉल्यूमची मर्यादा भरलीय, चौथं कारण क्वचितच असतं.

लगेच रिस्टोअरपण करून बघा, त्याच दिवशी. रिस्टोअर कमांड दिली की लांबलचक मेनू येतो, त्यातला ५ नंबर, क्लायंटचा सगळ्यात ताजा बॅकअप. पुढे फोल्डरांच्या झाडात सीडी, एलएसने फिरायचं, पाहिजे ते मार्क करायचं आणि डन. शेवटी तो यस, मॉड की नो विचारतो तिथे घाईने यस करू नका, व्हेअर या ओळीत कुठे टाकणार ते बघा, नमुन्यातला पाथ कधी कधी अस्तित्वात नसलेलाच असतो. मॉड करून टीएमपीमध्ये एखादा फोल्डर द्या, मूळ फाइलीवर चढवू नका. फाइल क्लायंटच्या मशीनवर उतरतात, सर्व्हरवर नाही, आणि पूर्ण पाथसकट उतरतात. मग मूळ फोल्डरशी डिफ मारून बघा. हे दर तीन महिन्यांनी कॅलेंडरला लावून टाका, दर वेळी वेगळं मशीन.

जॉबचे मेल बाय डिफॉल्ट सर्व्हरवरच्या रूटला जातात, म्हणजे कोणालाच नाही. मेसेजेस ब्लॉकमध्ये खरा पत्ता टाका, आणि लोकल मेल सर्व्हर नसेल तर पोस्टफिक्स लावून ऑफिसच्या मेलवरून रिले करा.

राहिला कॅटलॉग. बॅकअपकॅटलॉग नावाचा जॉब नमुन्यात तयार असतो आणि बाकी सगळे झाल्यावर शेवटी चालतो, पण त्याचीही वेळ बदलायला विसरू नका, तुमचे जॉब दुपारी गेले असतील तर त्याला ३ वाजता ठेवा. कॅटलॉग गेला तरी बीस्कॅनने व्हॉल्यूम वाचून परत बांधता येतो, पण त्यात तासन् तास जातात. प्रत्येक जॉब एक छोटी बूटस्ट्रॅप फाइल (डेटा कुठल्या व्हॉल्यूममध्ये कुठे आहे ते सांगणारी) लिहितो, बीएसआर एक्स्टेन्शनची, ती असेल तर बीएक्स्ट्रॅक्टने कॅटलॉगशिवायही फाइल काढता येतात. त्या सगळ्या बीएसआर फाइल आणि ईटीसीमधला अख्खा बॅक्युला फोल्डर दुसऱ्या मशीनवर रोज कॉपी होईल असं करा. आणि सर्व्हर त्याच खोलीत असल्यामुळे आग, पाणी, चोरी यात सगळं एकदमच जाईल, तेव्हा फुल झाला की व्हॉल्यूमचा फोल्डर एका यूएसबी डिस्कवर आरसिंक करून कोणाच्या तरी घरी जाऊ दे. डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्शनची सोय) एन्क्रिप्ट केलेली पाहिजे, आणि तिच्यावर एसडीची कॉन्फिग फाइलपण टाका, बीएक्स्ट्रॅक्ट तिच्याशिवाय चालत नाही.